मामा, हे ॲपलचंच आहे ना?

गेल्या जूनमध्ये माझ्या भाचीनं मॅकबुक घेतलं. इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष, हप्त्यांवर घेतलेला लॅपटॉप, आणि कॉलेजनं दिलेला एक कागद. कागदावरची पहिली सूचना : होमब्र्यू टाका. दुसऱ्या सूचनेपासून पुढचं सगळं 'ब्र्यू इन्स्टॉल' या दोन शब्दांनी सुरू होत होतं.

तिनं एका वेबसाइटवरून एक लांबलचक ओळ उचलली, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चिकटवली आणि एंटर दाबलं. पासवर्ड विचारला. तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, तेव्हा म्हणाली, "मामा, कीबोर्ड बिघडलाय बहुतेक." बिघडला नव्हता. टर्मिनल पासवर्डची टिंबंसुद्धा दाखवत नाही, एवढंच. मग भराभरा ओळी सरकायला लागल्या, आणि त्या सरकत असताना तिनं तो प्रश्न विचारला.

"मामा, हे ॲपलचंच आहे ना?"

मी "नाही गं" म्हणालो. ती फोनकडे वळली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता, माझ्या दृष्टीनं तो तिथे सुरू होत होता. कारण मॅकवर प्रोग्रॅमिंग करणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती पहिल्या दिवशी जी गोष्ट टाकते, ती ॲपलनं बनवलेली नाही. गेल्या पंचवीस वर्षांत तीन वेगवेगळ्या टोळ्यांनी, बहुतांशी फुकट, रात्री जागून ती घडवली. त्यातल्या दोन टोळ्यांची नावं आज भाचीच्या वर्गात कुणाला माहीत नसतील.

आधी थोडी पार्श्वभूमी. फोनवर तुम्ही ॲप स्टोअर उघडता, बटण दाबता, ॲप येतं. लिनक्सवाल्यांकडे ही सोय आयफोनच्या कितीतरी आधीपासून होती. डेबियन हा लिनक्सचा प्रकार १९९३ साली सुरू झाला, आणि १९९९ पर्यंत त्यात 'ॲप्ट' नावाचं साधन आलं. एक आज्ञा द्यायची : मला अमुक प्रोग्रॅम हवा. त्याला लागणारे बाकीचे चार प्रोग्रॅम, त्या चारांना लागणारे आणखी दहा, हे सगळं ते साधन स्वतः शोधून, उतरवून, जागच्या जागी लावून देणार. याला म्हणतात पॅकेज मॅनेजर. फरक एवढाच की या दुकानाच्या गल्ल्यावर कुणी बसलेलं नसतं. सगळा माल उघडा, कृतीसकट.

मॅकवर हे नव्हतं, आणि १९९०च्या दशकात त्याची गरजही नव्हती. जुना मॅक युनिक्सच्या कुळातला नव्हताच. मग १९९६च्या डिसेंबरात ॲपलनं नेक्स्ट ही स्टीव्ह जॉब्सची कंपनी विकत घ्यायचं जाहीर केलं. जॉब्स परत आले ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यांच्याबरोबर नेक्स्टची ऑपरेटिंग सिस्टिम आली, आणि तिच्या पोटात मॅक नावाचा कर्नल आणि बीएसडी युनिक्स होतं, ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही. (हा मॅक स्पेलिंगनं वेगळा, कार्नेगी मेलन विद्यापीठातला. मराठीत दोघांचा उच्चार एक होतो, त्याला मी काय करणार.) त्यातूनच मॅक ओएस टेन तयार झाली. सप्टेंबर २००० मध्ये तिची चाचणी आवृत्ती आली, तीही २९.९५ डॉलर घेऊन. पूर्ण आवृत्ती आली २४ मार्च २००१ रोजी.

तिची रचना मजेशीर होती. वरचा चकचकीत भाग, म्हणजे खिडक्या, बटणं, डॉक, हा ॲपलच्या मालकीचा आणि कुलूपबंद. खालचा युनिक्सचा पाया मात्र ॲपलनं 'डार्विन' या नावानं ओपन सोर्स केलेला. म्हणजे बंगल्याला कुलूप, पण जोतं सगळ्यांना बघायला खुलं. टर्मिनल उघडलं की युनिक्स समोर उभं. फक्त त्या युनिक्सच्या घरात भांडीकुंडी जेमतेम होती.

इथे पहिली टोळी आली. डिसेंबर २००० मध्ये, म्हणजे पूर्ण आवृत्ती बाजारात यायच्याही आधी, क्रिस्टोफ फिस्टरर या प्रोग्रॅमरनं 'फिंक' नावाचा प्रकल्प सुरू केला. फिंक म्हणजे जर्मन भाषेत फिंच पक्षी. ॲपलच्या पायाचं नाव डार्विन, आणि चार्ल्स डार्विनला गॅलापागोस बेटांवर भेटलेले ते चोच बदललेले पक्षी म्हणजे फिंच. सॉफ्टवेअरच्या जगात इतकं नेमकं नाव मी दुसरं पाहिलेलं नाही. कारण फिंकचं काम हेच होतं : दुसऱ्या बेटावर वाढलेल्या प्रोग्रॅमची चोच या बेटावरच्या दाण्यांना जुळेल अशी करून देणं.

हे काम किती किचकट असतं, ते सांगायला हवं. कागदावर मॅक युनिक्सच होता. पण त्या काळातले बहुतेक ओपन सोर्स प्रोग्रॅम लिनक्स डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले असत. सोर्स कोड उतरवून घेतला, कंपाइल करायला बसलं, की पहिल्याच पायरीला तो विचारायचा, हे कुठलं यंत्र? डार्विन हे नावच त्याच्या यादीत नसायचं. सामायिक लायब्ररी बांधायची मॅकची पद्धत वेगळी, त्या फाइलींच्या नावाचं शेपूटसुद्धा वेगळं. मॅकची फाइल सिस्टिम मोठ्या आणि लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं सारखीच समजायची, त्यामुळे लिनक्सवर सुखानं नांदणाऱ्या दोन फाइली इथे एकमेकींवर बसायच्या. फिंकची माणसं प्रत्येक प्रोग्रॅमसाठी अशा अडचणी शोधत, दुरुस्तीचं एक ठिगळ लिहीत आणि ते सगळ्यांसाठी ठेवून देत. साधनं त्यांनी डेबियनचीच घेतली, तेच ॲप्ट. आणि ॲपलच्या फाइलींना धक्का लागू नये म्हणून स्वतःचा सगळा संसार 'एसडब्ल्यू' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये मांडला. फिस्टरर स्वतः २००१च्या अखेरीस प्रकल्पातून बाहेर पडले. बाकीच्यांनी तो चालू ठेवला.

दुसरी टोळी थेट ॲपलच्या आवारातली होती. जॉर्डन हबर्ड हे फ्रीबीएसडीच्या संस्थापकांपैकी एक. तिथली 'पोर्ट्स' ही पद्धत मुळात त्यांचीच. २००१ मध्ये ते ॲपलमध्ये गेले, आणि २००२ मध्ये त्यांनी, लँडन फुलर आणि केव्हिन व्हॅन व्हेक्टन यांच्यासह ॲपलमधल्या काही जणांनी मिळून 'डार्विनपोर्ट्स' सुरू केलं. ते ओपनडार्विन या प्रकल्पाचा भाग होतं, आणि ओपनडार्विनला ॲपलचं पाठबळ होतं. म्हणजे हे ॲपलचं होतं का? माणसं ॲपलची, काही काळ सर्व्हरही ॲपलचे, पण कंपनीच्या डब्यात ते कधीच आलं नाही. २००६ मध्ये ओपनडार्विन बंद पडलं. तेव्हा डार्विनपोर्ट्सनं 'मॅकपोर्ट्स' असं नाव घेतलं आणि ॲपलनं चालवलेल्या दुसऱ्या एका आसऱ्याला गेलं. तो आसराही २०१६ मध्ये उठला. मॅकपोर्ट्स अजून जिवंत आहे. भाड्याची घरं बदलत राहिलेल्या माणसासारखं, पण जिवंत.

माझी ओळख झाली ती मॅकपोर्ट्सशी. २००८ साल. पुण्यात नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि मी एका मित्राकडून जुनं पांढरं मॅकबुक घेतलं होतं. सुट्टीत सांगलीला घरी गेलो असताना फोटोंचे आकार एकगठ्ठा बदलायचा एक प्रोग्रॅम हवा होता, इमेजमॅजिक नावाचा. तेव्हाचं मॅकपोर्ट्स तयार प्रोग्रॅम देत नसे, सोर्स कोड उतरवून तुमच्याच यंत्रावर कंपाइल करत असे. कंपाइल करणं म्हणजे दळण. बाजारातून पिठाचं पाकीट आणण्याऐवजी गहू आणायचे, निवडायचे आणि घरच्याच जात्यावर दळायचे. पीठ उत्तम मिळतं, वेळ लागतो. शिवाय मॅकपोर्ट्सचं सोवळं कडक. मॅकमध्ये आधीपासून असलेल्या लायब्ररीला हात न लावता तिची स्वतःची प्रत आधी दळणार, मग तिच्यावर अवलंबून असलेली पुढची, मग तिच्यापुढची.

आमच्या ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं जात नसे, म्हणून मी दोनचा गजर लावून उठलो आणि दळण सुरू केलं. सकाळी बघतो तर अजून चालूच. पंखा विमानासारखा घोंघावतोय, लॅपटॉप तव्यासारखा तापलाय. मग लोडशेडिंग झालं. बॅटरी आधीच म्हातारी, ती चाळीस मिनिटांत गेली. लाइट आल्यावर पुन्हा सुरू. आईनं विचारलं, "काय चाललंय याचं एवढं?" मी म्हणालो, फोटो लहान करायचेत. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून लक्षात आहे.

तरीही ते दीड दिवसांनी चाललं तेव्हा मला झालेला आनंद खोटा नव्हता. कुणा अनोळखी माणसानं कुठेतरी बसून, हा प्रोग्रॅम मॅकवर कुठे अडतो ते शोधून त्याचं ठिगळ लिहून ठेवलं होतं. ती फाइल उघडून वाचता येत होती. त्यात त्याचा ईमेलही होता. मी आभाराचं पत्र लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

याच काळात खाली पायाशी एक गोष्ट घडत होती, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. २००७ मध्ये जीपीएल या ओपन सोर्स परवान्याची तिसरी आवृत्ती आली. तुमच्या यंत्रात हा कोड वापरलात तर वापरणाऱ्याला तो बदलून त्याच यंत्रावर चालवता आला पाहिजे, आणि पेटंटच्या दाव्यांची तलवार टांगती ठेवायची नाही, असा तिचा साधारण अर्थ. ॲपलनं त्या आवृत्तीपासून अंतर ठेवलं. परिणाम? टर्मिनलमध्ये तुम्ही टाइप केलेल्या आज्ञा जो प्रोग्रॅम समजून घेतो, तो बॅश. त्याची चौथी आवृत्ती २००९ मध्ये नव्या परवान्याखाली आली, आणि मॅकमधला बॅश ३.२ वरच थांबला. २०१९ मध्ये ॲपलनं नव्या खात्यांसाठी बॅशच्या जागी झेडशेल आणलं, पण तोवर दहा वर्षं लोक शिळ्या बॅशवर काम करत होते. फाइली जुळवून ठेवणाऱ्या आरसिंकचंही हेच. म्हणजे पॅकेज मॅनेजर ही हौस राहिली नाही. पाया दरवर्षी शिळा होत चालला, आणि ताजी भाजी आणायची जबाबदारी फुकट काम करणाऱ्यांवर आली.

तिसरी टोळी एका माणसापासून सुरू झाली. २००९ मध्ये मॅक्स हॉवेल या ब्रिटिश प्रोग्रॅमरनं होमब्र्यू लिहिलं. होमब्र्यू म्हणजे घरी केलेली बिअर, आणि त्यानं ही कल्पना शेवटच्या घोटापर्यंत ताणली. प्रोग्रॅम बनवायची कृती म्हणजे फॉर्म्युला. तयार माल ठेवायची जागा म्हणजे सेलर, तळघर. त्यातलं एकेक पॅकेज म्हणजे केग, पिंप. कृतींचे वेगळे संग्रह म्हणजे टॅप, नळ. आधीच दळून ठेवलेला प्रोग्रॅम म्हणजे बॉटल. काम संपलं की पडद्यावर फेसाळत्या बिअरच्या मगाचं चित्र उमटतं. घरी मागून कुणी बघत असताना मला ते आजही थोडं अवघड वाटतं.

विनोद बाजूला ठेवला तर त्याच्या निवडी धीट होत्या, आणि काही बाबतींत बेफिकीरही. मॅकमध्ये आहे ते पुन्हा दळायचं नाही, तेच वापरायचं. वेगळा संसार न मांडता युनिक्सच्या जुन्या परंपरेतलं 'यूएसआर लोकल' हे फोल्डरच घ्यायचं, आणि त्याची मालकी साध्या वापरकर्त्याकडे द्यायची, म्हणजे दर वेळी पासवर्ड नको. मॅकपोर्ट्सवाल्यांना हे अजिबात पटलं नाही. सगळ्यांच्या वाटेतली जागा बळकावली आणि वर दारंही उघडी टाकली, अशी त्यांची तक्रार होती. ती चुकीची होती असं मला वाटत नाही.

पण हॉवेलला एक गोष्ट बरोबर कळली होती. कृती रुबी भाषेत, दहापंधरा ओळींची, कुणालाही वाचता येईल अशी. आणि सगळी गिटहबवर. गिटहब तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं. कृतीत चूक दिसली तर ती दुरुस्त करून परत पाठवायला दहा मिनिटं पुरत. फिंक आणि मॅकपोर्ट्समध्ये हातभार लावता येत नव्हता असं नाही, पण तिथे उंबरठ्याबाहेर चपला काढून जावं लागायचं. इथे चपला घालून आत. मीही २०१२ मध्ये एका फॉर्म्युल्यात आवृत्तीचा एक आकडा बदलून पाठवला. तो स्वीकारला गेला तेव्हा ऑफिसात मी चहा पाजला. एक आकडा!

दळणासाठी लागणारा कंपायलर मात्र ॲपलचाच, आणि तो मिळायचा एक्सकोड नावाच्या अवाढव्य डब्यात. २०११ मध्ये चौथ्या आवृत्तीच्या वेळी हा डबा चार जीबीच्या वर गेला, आणि ज्यांनी डेव्हलपर म्हणून वर्गणी भरलेली नव्हती, त्यांना काही महिने त्याचे ४.९९ डॉलर मोजावे लागले. आयफोनची ॲप बनवायची नाहीत, नुसता कंपायलर हवा, अशा माणसानं करायचं काय? केनेथ राइट्झ या प्रोग्रॅमरनं त्या डब्यातला कामाचा तेवढा भाग वेगळा काढून वाटायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१२ मध्ये ॲपलनं स्वतःच 'कमांड लाइन टूल्स' नावाचा छोटा संच काढला. बाहेरच्यानं ढकललं आणि आतल्यानं दार उघडलं, असे प्रसंग या इतिहासात मोजकेच आहेत.

हॉवेलची पुढची कथा तुम्ही कदाचित मीम म्हणून पाहिली असेल. २०१५ मध्ये त्यानं ट्वीट केलं : गूगलमधले नव्वद टक्के इंजिनीअर त्यानं लिहिलेलं होमब्र्यू वापरतात, पण मुलाखतीत फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून गूगलनं त्याला नाकारलं. शेवटी एक शिवी. मुलाखतींवर जगभर वाद झाला. पुढे त्यानं स्वतःच थोडी सौम्य भूमिकाही घेतली. मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. होमब्र्यूची रोजची हमाली तोवर त्याच्याकडे राहिलीच नव्हती. माइक मॅक्वेड आणि इतर स्वयंसेवक ती करत होते. हजारो कृती, दर आठवड्याला नव्या आवृत्त्या, दर वर्षी ॲपलची नवी सिस्टिम आणि तिच्यामुळे मोडलेल्या गोष्टी. २०१३ मध्ये चाचणीसाठी यंत्रं घ्यायला त्यांनी लोकवर्गणी काढली, ती साधारण पंधरा हजार पौंडांच्या घरात जमली. ज्या कंपनीच्या यंत्रांसाठी हे चाललं होतं, तिचं बाजारमूल्य २०१८ मध्ये एक लाख कोटी डॉलरवर गेलं.

होमब्र्यूचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर ही आरती होईल. २०१६ मध्ये त्यांनी कोण काय इन्स्टॉल करतंय याची मोजणी सुरू केली, तीही गूगल ॲनालिटिक्समार्फत आणि आधी न विचारता. नको असेल तर तुम्ही बंद करायची. लोक भडकले, मीही भडकलो. पुढे काही वर्षांनी गूगलची मोजणी काढली गेली. २०१८ मध्ये एका सुरक्षा संशोधकानं उघड्यावर राहिलेली एक किल्ली शोधून अर्ध्या तासाच्या आत होमब्र्यूच्या कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार मिळवून दाखवला. त्यानं काही बिघडवलं नाही, कळवलं. दुसऱ्या कुणी काय केलं असतं, त्याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ करत होतो.

आणि जागेचं भांडण? २०२० मध्ये ॲपलनं स्वतःची एम-वन चिप आणली. जुने आणि नवे प्रोग्रॅम एकाच यंत्रावर शेजारी नांदवायचे होते, म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या होमब्र्यूच्या तिसऱ्या आवृत्तीनं नव्या मॅकवर आपला मुक्काम 'ऑप्ट' खालच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हलवला. मॅकपोर्ट्सचं बिऱ्हाड पहिल्यापासून ऑप्टमध्येच आहे. त्यांनी पेढे वाटले असतील तर मला मिळाले नाहीत.

विंडोजची गोष्ट वेगळ्या लेखाची आहे, पण एक प्रसंग इथे टाळता येत नाही. कॅनडातल्या केवान बेगी या प्रोग्रॅमरनं विंडोजसाठी 'ॲपगेट' नावाचा ओपन सोर्स पॅकेज मॅनेजर लिहिला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी त्याच्याशी संपर्क साधला, कल्पना समजून घेतल्या, नोकरीबद्दल बोलणं झालं, डिसेंबरात मुलाखतीला बोलावलं. मग सहा महिने शांतता. मे २०२० मध्ये त्याला कळवलं गेलं की उद्या आमचा 'विनगेट' जाहीर होतोय. त्यानं हे सगळं लिहून प्रसिद्ध केलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं ॲपगेटचं श्रेय जाहीरपणे मान्य केलं. ॲपगेट त्यानं बंद केलं. कोड खुला होता, त्यामुळे चोरी म्हणता येणार नाही. मग त्याला काय म्हणायचं, ते मला अजून सापडलेलं नाही.

ॲपलनं मात्र आपला विनगेट कधी काढला नाही. उलट २०२१ मध्ये मॅकमधून पीएचपी काढलं, २०२२ मध्ये जुनं पायथन काढलं. हवं असेल तर बाहेरून आणा. बाहेरून म्हणजे कुठून, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

२९ मार्च २०२४ ला शुक्रवार होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरनं जाहीर केलं की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा आहे. एक्सझेड सांभाळणारा माणूस थकलेला होता, आणि मदतीला आलेल्या कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून ते दार बसवलं होतं. दार लिनक्सच्या काही विशिष्ट प्रकारांसाठी होतं, मॅकसाठी नव्हतं. पण एक्सझेड माझ्या यंत्रावर होतंच, मी कधीही न मागता, दुसऱ्या कशाच्या तरी पदराला धरून आलेलं. शनिवारी सकाळी उठल्याउठल्या 'ब्र्यू अपग्रेड' चालवलं. आवृत्तीचे आकडे नेहमी वर जातात. त्या दिवशी ५.६.१ वरून ५.४.६ वर, खाली आले. मी झोपलो असताना, ईस्टरच्या सुट्टीत, कुणीतरी बसून ते काम करून ठेवलं होतं. या वेळी मी कृतीची फाइल उघडून कुणी केलं ते पाहिलं, आणि पत्र लिहिलं.

भाचीच्या लॅपटॉपवर ओळी सरकायच्या थांबल्या. शेवटी, दरवेळी येतो तसा, एक छोटा मजकूर आला : हा प्रकल्प स्वयंसेवक चालवतात, देणगी द्यायची असेल तर इथे द्या. "मामा, हे पैसे मागतायत," ती म्हणाली. "द्यायचे का?"